‘कळलं का?’ असं विचारू नका: रुग्णांच्या प्रश्नावल्या कॉग्निटिव्ह मुलाखतीतून कशा सुधाराव्यात

प्रश्न आपण लिहितो, पण उत्तर मिळतं ते रुग्णाला जो प्रश्न ऐकू आला त्याचं. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे, हे भाषांतर कितीही वेळा तपासलं तरी कळत नाही. मराठीतून पुन्हा इंग्रजीत केलेलं उलट भाषांतर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळलं, म्हणून जळगावच्या दवाखान्यात बसलेल्या मावशींना तोच अर्थ लागला असं होत नाही. भाषांतर करणारे दोघेही इंग्रजी जाणणारे असतात. मावशींना ते येत नसतं. म्हणून प्रश्न घेऊन त्यांच्यापुढेच बसावं लागतं, आणि त्या उत्तरापर्यंत कशा पोचल्या हे त्यांच्याच तोंडून ऐकावं लागतं. याला कॉग्निटिव्ह मुलाखत म्हणतात.

उदाहरण म्हणून इथे पीएचक्यू-9 घेऊ. नैराश्याची लक्षणं मोजणारी ही प्रश्नावली क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केली. 9 प्रश्न, गेल्या 2 आठवड्यांचा काळ, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय (‘अजिबात नाही’ 0, ‘काही दिवस’ 1, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ 2, ‘जवळजवळ रोज’ 3 गुण), एकूण 0 ते 27. नैराश्याच्या तीव्रतेचे टप्पे 5, 10, 15 आणि 20 गुणांना बदलतात. तिचे पहिले दोन प्रश्न ‘पीएचक्यू-2’ या नावाने वेगळेही वापरले जातात. आशाताई घरोघरी जाऊन आरोग्य तपासणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यातही ते आहेत. गुण इतके थोडे असताना एका शब्दाने झालेली चूक माणसाला सरळ पुढच्या टप्प्यात ढकलू शकते. खाली दिलेले मराठी शब्द कुठल्या एका अधिकृत प्रतीतले नाहीत. भाषांतर करताना सहज सुचणारे ते शब्द आहेत, आणि म्हणूनच तपासण्याजोगे.

उत्तर देताना डोक्यात काय घडतं

सर्वेक्षणांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉजर टूरँजो यांनी 1984 मध्ये मांडलेले चार टप्पे आजही कामाला येतात: प्रश्न समजणं, आठवणं, आठवलेलं तोलणं, आणि तोललेलं दिलेल्या पर्यायात बसवणं. मुलाखतीत सापडणारी जवळजवळ प्रत्येक अडचण यांपैकी कुठल्या तरी टप्प्यावरची असते. ती नेमकी कुठली हे ओळखता आलं तर उपाय सापडतो. न समजलेल्या प्रश्नाचा शब्द बदलावा लागतो. आठवत नसेल, तर शब्द कितीही सोपा केला तरी काही हाती लागत नाही, तिथे काळ बदलावा लागतो.

पायरी 1: प्रत्येक प्रश्नामागचा हेतू लिहून काढा

मुलाखती ठरवण्याआधी तीन रकान्यांचा तक्ता करा: प्रश्न, त्यातून नेमकं काय मोजायचं आहे, आणि काय मोजायचं नाही. यासाठी अर्धा दिवस सहज जातो, तरी तो द्यावाच. हेतू लिहिलेला नसेल तर रुग्णाने लावलेला अर्थ बरोबर की चूक, हे पुढे कोणालाच ठरवता येत नाही आणि बैठकीत नुसती मतांची ओढाताण चालते.

प्रश्नावली दुसऱ्याची असेल तर हक्कांची चौकशीही आताच करा. पीएचक्यू-9 वापरायला किंवा भाषांतर करायला परवानगी लागत नाही, पण अनेक प्रश्नावल्यांना लागते. तिथे एक शब्दही परस्पर बदलता येत नाही.

पायरी 2: नैतिक मान्यता, आणि नवव्या प्रश्नाची तयारी

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि आवाज रेकॉर्ड करण्याची वेगळी संमती घ्या. संमतीपत्रात एक वाक्य ठळकपणे हवं: ‘ही तुमची परीक्षा नाही, आमच्या प्रश्नांची आहे.’ हे वाक्य मुलाखतीत तोंडीही दोन-तीनदा सांगावं लागतं.

पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ‘त्यापेक्षा मेलेलं बरं’ हे मराठीत त्राग्यानेही रोज बोललं जातं, म्हणून त्या प्रश्नाची तपासणी गरजेची आहे. पण त्रागा आहे असं परस्पर गृहीत धरून पुढे जाणं धोक्याचं आहे. पहिल्या मुलाखतीआधीच कागदावर ठरवा: त्या दिवशी कोणते डॉक्टर हजर असतील, त्यांचा नंबर कोणाकडे असेल, रुग्णाला त्यांच्यापर्यंत कोण सोबत नेईल. ‘हो, असे विचार येतात’ असं उत्तर आलं की शब्दांची चौकशी तिथेच थांबवा, रुग्णाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक सहभागी व्यक्तीला लिहून द्या, उत्तर काहीही असो. जिवाला धोका दिसला तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी लागेल, हे संमती घेतानाच सांगितलेलं असावं.

पायरी 3: कोणाला आणि किती जणांना बोलवायचं

एका फेरीत 5 ते 8 जण, आणि अशा दोन-तीन फेऱ्या. भाषांतरित प्रश्नावल्यांसाठी आयस्पोर या आरोग्य-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही 5 ते 8 हाच आकडा आहे. तो कमी वाटतो, कारण आपल्याला टक्केवारीची सवय असते. इथे अडचण किती जणांना येते हे मोजायचं नसून कोणकोणत्या अडचणी येतात ते शोधायचं आहे.

मात्र ते 8 जण एकाच साच्यातले नकोत. वय, स्त्री-पुरुष, शिक्षण, बोली आणि आजाराची तीव्रता यांची चौकट आखा आणि प्रत्येक रांगेत निदान एक-दोन माणसं येतील असं पाहा. चौथीच्या आत शाळा सुटलेले दोन-तीन जण प्रत्येक फेरीत हवेतच. अडचणी तिथे आधी दिसतात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून, दुपारी मोकळ्या असलेल्या, बोलक्या आणि पदवीधर रुग्णांना गोळा केलं तर प्रश्नावली निर्दोष ठरते आणि गावात गेल्यावर कोसळते. प्रश्नावली मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्यांपर्यंत जाणार असेल तर ती माणसंही पहिल्या फेरीपासून घ्या.

प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई द्या. ती दिली नाही तर ज्यांची मजुरी बुडते ते येतच नाहीत.

पायरी 4: उपप्रश्नांची यादी

दोन तंत्रं आहेत. पहिल्यात रुग्ण उत्तर शोधता शोधता मनातलं मोठ्याने बोलतो. दुसऱ्यात आपण उपप्रश्न विचारून खोदतो. मोठ्याने विचार करणं आपल्याकडे अनेकांना अवघडल्यासारखं होतं, विशेषतः ‘साहेबांसमोर’. म्हणून मुख्य भर उपप्रश्नांवर ठेवा. तरी सुरुवातीला एक सराव घ्याच: ‘तुमच्या घराला एकूण खिडक्या किती? मोजताना मनात जे जे येतं ते बोलत जा.’ माणूस ओसरीपासून निघून माजघर, स्वयंपाकघर करत जातो. मग म्हणतो, ‘मोरीचा झरोका धरायचा का?’ तिथे थांबून सांगा: ‘अगदी हेच हवंय. अशी शंका आली की बोलायची.’

उपप्रश्न टप्प्यांप्रमाणे आधी लिहून ठेवा:

- समजणं: ‘हा प्रश्न तुम्ही शेजारणीला विचारणार असाल तर कसा विचाराल?’ ‘“थकवा” म्हटलं तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?’
- आठवणं: ‘कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतचा विचार केलात?’ ‘दिवस मोजलेत की अंदाज केलात?’
- तोलणं: ‘उत्तर देताना काय धरलंत, काय सोडलंत?’ ‘हा प्रश्न घरच्या माणसांसमोर विचारला असता तर?’
- पर्याय: ‘“काही दिवस” हे उत्तर का निवडलं? त्याच्या पुढचं का नाही?’

एका प्रश्नाला दोन-तीन उपप्रश्न पुरे. 9 प्रश्नांना 45 ते 60 मिनिटं लागतात. 36 प्रश्न असतील तर दोन संच करा आणि अर्धे-अर्धे वेगवेगळ्या रुग्णांना द्या. तासाभरानंतर माणूस सुटका म्हणून उत्तरं देतो.

‘कळलं का?’ हा उपप्रश्न यादीत कुठेही नको. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं, कारण ‘नाही कळलं’ म्हणणं म्हणजे आपण अडाणी ठरणं, असं वाटतं.

पायरी 5: प्रत्यक्ष मुलाखत

पंखा कमी आवाजाचा आणि दार लावता येईल अशी खोली, दोन खुर्च्या कोपऱ्याला कोपरा लावून, आणि टेबल शक्यतो मध्ये नाही. पांढरा कोट नको. मुलाखत घेणारा एक, टिपणं काढणारा दुसरा, रेकॉर्डर चालू. सोबतचा मुलगा किंवा सून ‘अहो, आई, रोजच होतं की तुम्हाला’ असं म्हणून उत्तर देऊन टाकते, म्हणून त्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर बसवण्याची सोय आधीच करा.

प्रश्न लिहिला आहे तसाच वाचा. समजावून सांगू नका. रुग्ण अडखळला की मदतीला धावून जाण्याचा मोह डॉक्टर-नर्स मंडळींना फार होतो, आणि नेमकी तिथेच मुलाखत वाया जाते. मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. अडखळणं ही त्या प्रश्नाबद्दलची माहिती आहे. रुग्णाने उलट अर्थ विचारला तर म्हणा, ‘तुम्हाला काय वाटतंय? तुम्हाला जो लागतो तोच धरा.’ खरा अर्थ मुलाखत संपल्यावर सांगा.

झोपेचा प्रश्न विचारताना काय घडू शकतं ते पाहा.

‘मावशी, गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास होणं, मध्येच जाग येणं किंवा खूपच झोप येणं, असं किती वेळा झालं?’

‘जाग तर रोजच येते, ताई. दोनदा उठावं लागतं लघवीला. शुगर आहे ना मला.’

‘आणि उठून आल्यावर?’

‘पडलं की लगेच लागते झोप. ते काही नाही.’

‘मग या चारातलं कोणतं उत्तर लावाल?’

‘रोजच लिहा.’

म्हणजे 3 गुण. उपप्रश्न विचारला नसता तर या तीन गुणांमागे काय आहे, ते दिसलंच नसतं. मावशींनी प्रश्न चुकीचा समजून घेतलेला नाही. प्रश्न कारण विचारतच नाही, त्यामुळे अक्षरशः त्यांचं उत्तर बरोबर आहे. शब्द बदलायचे, की गुणांचा अर्थ लावणाऱ्या डॉक्टरांच्या सूचनेत ‘शारीरिक कारण पाहा’ हे घालायचं, याचा निवाडा पायरी 1 मधल्या तक्त्यावरून करायचा.

प्रश्न नकारार्थी असेल तर विशेष सावध राहा. ‘झोप लागत नाही का?’ याला ‘हो’ म्हटलं तरी लागत नाही, आणि ‘नाही’ म्हटलं तरी लागत नाही, असा अर्थ मराठीत निघू शकतो. असा प्रश्न मूळ मसुद्यातच नको.

पर्यायांची स्वतंत्र तपासणी

प्रश्नांवर लोक तासन्‌तास घालवतात आणि उत्तरांचे पर्याय तसेच सोडून देतात. पीएचक्यू-9 मध्ये तेच चार पर्याय नऊ वेळा येतात, म्हणजे तिथली चूक नऊ वेळा मोजली जाते.

इंग्रजीतल्या दुसऱ्या पर्यायाचं मराठी ‘बरेच दिवस’ केलं की घोटाळा सुरू होतो. ‘बरेच दिवस झाले, भेट नाही’ म्हणताना आपण फार मोठा काळ सुचवतो. त्यामुळे 1 गुणाचं ‘बरेच दिवस’ हे 2 गुणांच्या ‘निम्म्याहून जास्त दिवस’पेक्षा मोठं वाटू शकतं. तिसऱ्या पर्यायाचंही तसंच. ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ हे कानाला ‘अर्धा दिवस उलटून गेला तरी’ असं लागतं. रुग्ण मग दिवस मोजायचे सोडून दिवसातले तास मोजू लागतो: ‘दुपारपर्यंत बरं असतं, मग येतो कंटाळा.’

हे तपासायला दोन साध्या युक्त्या आहेत. चारही पर्याय चार चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा आणि रुग्णाला ‘कमीपासून जास्तीपर्यंत लावा’ असं सांगा. वाचता येत नसेल तर एकेक वाचून दाखवा आणि चिठ्ठी हातात द्या. क्रम चुकला की पर्याय बदलायलाच हवेत. दुसरी युक्ती: टेबलावर 14 चिंचोके मांडा. ‘हे दोन आठवड्यांचे चौदा दिवस. तुम्ही “काही दिवस” म्हणालात, त्यातले साधारण किती?’ रुग्ण बोटाने चिंचोके बाजूला सारतो. कोणी 3 सारतं, कोणी 10. ‘निम्म्याहून जास्त’ला 8 पेक्षा कमी चिंचोके सारले गेले तर तो पर्याय कळलेला नाही. चिंचोके उत्तर देऊन झाल्यावरच काढा. आधी मांडलेत तर तुम्ही प्रश्नच बदललात.

काळाबद्दलही तेच. ‘दोन आठवडे’ म्हटलं की कोणी गेले दोन आठवडी बाजार धरतं, कोणी ‘आजारी पडल्यापासून’ हा काळ धरतं. ‘गेले पंधरा दिवस’ अनेकांना जवळचं वाटतं, पण तो हिशोबाने चौदापेक्षा एक दिवस जास्त आहे, हे नोंदवून मगच निर्णय घ्या. बाजाराचा वार, एकादशी, पगाराची तारीख अशी खूण दिली की आठवण पक्की होते.

पायरी 6: त्याच दिवशी नोंद, नंतर प्रश्नवार वाचन

एका मुलाखतकाराने दिवसात दोन, फार तर तीन मुलाखती घ्याव्यात. प्रत्येकीची नोंद रेकॉर्डिंग ऐकत त्याच संध्याकाळी लिहावी. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत रुग्णाचे शब्द जातात आणि आपले येतात. नोंदीत रुग्णाचं बोलणं बोलीसकट ठेवा, प्रमाण भाषेत सुधारू नका. पुढे पर्यायी शब्द बहुतेक वेळा तिथूनच मिळतो.

फेरी संपली की सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरा. आडव्या ओळीत रुग्ण, उभ्या रकान्यात प्रश्न. आता वाचन माणसानुसार करू नका. एक प्रश्न घ्या आणि त्याचा अख्खा रकाना वरून खाली वाचा. प्रत्येक अडचणीपुढे समजणं, आठवणं, तोलणं किंवा पर्याय यांपैकी एक खूण करा. दोघांनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात आणि मग एकत्र बसावं.

किती जणांना अडचण आली यावर बदल ठरवू नका. आठांतल्या एकानेच दाखवलेली चूक गुण उलटेपालटे करत असेल तर ती दुरुस्त करायची. उलट, पाच जणांना एखादा शब्द ‘जरा पुस्तकी’ वाटला पण अर्थ अचूक लागला, तर तो राहू द्यायलाही हरकत नाही.

पायरी 7: काय बदलायचं

नेहमी सापडणाऱ्या काही अडचणी आणि त्यांची कारणं:

*वाक्प्रचाराने अर्थ सरकतो.* सहाव्या प्रश्नात घरच्यांना निराश केल्याची भावना आहे. ‘घरच्यांना मान खाली घालायला लावली’ असं लिहिलं की गोष्ट अब्रूची होते. पळून गेलेली मुलगी, पोलिसांत गेलेलं प्रकरण डोळ्यांपुढे येतं आणि रुग्ण ठामपणे म्हणतो, ‘असं काही नाही आमच्याकडे!’ ‘घरच्यांसाठी आपण कमी पडलो असं वाटणं’ हे हेतूच्या जवळ जातं.

*उदाहरण रुग्णाच्या आयुष्यात नसतं.* सातव्या प्रश्नात लक्ष लागण्यासाठी वर्तमानपत्र आणि टीव्हीचं उदाहरण आहे. वाचता न येणारी बाई ‘मी वाचतच नाही’ म्हणून 0 देऊन मोकळी होते. तांदूळ निवडताना, पोथी ऐकताना, मालिका बघताना, अशी उदाहरणं याच मुलाखतींतून मिळवा. एसएफ-36 या एकूण आरोग्याच्या प्रश्नावलीत गोल्फ आणि व्हॅक्यूम क्लीनर आहेत, त्यांचीही गत हीच.

*शब्दाचा पसारा मोठा असतो.* ‘अशक्तपणा’ म्हटलं की रक्त कमी असणं आठवतं. ‘थकवा’ म्हटलं की दिवसभराच्या कामाचं शिणणं. ‘भूक न लागणं’ हे काहींना पोटाचं दुखणं वाटतं. ‘अन्नावर वासना नसणं’ नेमकं आहे, पण तरुण शहरी रुग्णांना ‘वासना’ खटकतो. असे शब्द दोन्ही गटांत तपासल्याशिवाय ठरवू नका.

*आवड आणि कर्तव्य यांची गल्लत.* पहिल्या प्रश्नात ‘कामात रस वाटत नाही’ असं लिहिलं तर उत्तर येतं, ‘रस कसला, करावंच लागतं.’ रुग्णाने भावना सांगितलेलीच नाही. ‘काही करावंसं वाटत नाही, कशात मन लागत नाही’ हे बोलीतलं वाक्य इथे चालतं का ते पुढच्या फेरीत बघा.

*लिंग ठरून जातं.* ‘मी थकलो’ असं विधान छापलं की निम्मे रुग्ण बाहेर राहतात आणि ‘थकलो/थकले’ अशी तिरकी रेघ वाचायला जड जाते. ‘मला थकवा वाटतो’ असं वळवा.

*एका प्रश्नात दोन उलट गोष्टी.* आठव्या प्रश्नात हालचाल मंदावणं आणि अस्वस्थ येरझाऱ्या दोन्ही आहेत, शिवाय ‘इतरांच्या लक्षात येईल इतकं’ ही अट. ही अट बहुधा ऐकलीच जात नाही, आणि गुडघेदुखीचा रुग्ण ‘हळू चालतो ना मी’ म्हणून गुण देतो. प्रमाणित प्रश्नावलीत हा प्रश्न तोडता येत नाही, कारण गुणांची तुलना बिघडते. वाक्यरचना बदलून अट पुढे आणता येते. स्वतःची प्रश्नावली असेल तर बेलाशक दोन प्रश्न करा.

प्रत्येक बदलाची नोंदवही ठेवा: जुना शब्द, काय अडचण आली, कोणत्या रुग्णक्रमांकाकडून, नवा शब्द, का. आवृत्ती क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापा. जुन्या आणि नव्या प्रती एकाच ड्रॉवरमध्ये राहिल्या की आठवड्याभरात मिसळतात.

पायरी 8: पुन्हा नव्या माणसांकडे

बदललेली प्रश्नावली पहिल्या फेरीतल्या रुग्णांना दाखवू नका, त्यांना आता हेतू माहीत झाला आहे. नवे 5 ते 8 जण घ्या. नव्या शब्दाने नवी अडचण तयार होणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून दुसरी फेरी कधीही वगळू नका. एखाद्या फेरीत गुण बदलेल अशी नवी अडचण निघाली नाही की थांबा.

इतकं झाल्यावर प्रश्न समजतात एवढं कळलं. उत्तरं स्थिर राहतात का, कोणत्या गुणावर रेषा आखावी, हे या मुलाखती सांगत नाहीत. त्यासाठी मोठ्या संख्येचा पायलट, म्हणजे प्राथमिक चाचणी, आणि आकडेवारीची तपासणी वेगळी करावी लागते. त्या पायलटमध्ये प्रश्न वाचून दाखवणाऱ्यांना दोन पानांची सूचना द्या: कोणता प्रश्न कुठे थांबत वाचायचा, रुग्णाने अर्थ विचारला तर नेमकं कोणतं वाक्य बोलायचं. ती वाक्यंही मुलाखतीत तपासून घेतलेली असावीत.